होडीत हंडे कोणी ठेवले?

सुतकाच्या घरी मी पेढे घेऊन गेलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी ज्यांच्यावर तोंड सोडणार आहे त्यांना ‘तू कोण मोठा शहाणा’ असं म्हणायची सोय राहील. माझा थोरला चुलतभाऊ किट्टूअण्णा तंजावूरला वारला, हा फोन आला आणि मी नि माझी बायको सुनंदा मिळेल त्या गाडीनं पुण्याहून निघालो. पण स्टेशनकडे जाताना माझे पाय आपोआप मिठाईच्या दुकानात वळले. वर्षानुवर्षं तंजावूरला जायचं म्हणजे अण्णासाठी पेढे न्यायचे, एवढंच पायांना ठाऊक. दुकानदारानं “काही कार्य वाटतं?” असं विचारलं, मी “हो” म्हणालो, आणि त्यानं खोक्याला लाल रिबीन बांधली. मराठे राजांच्या काळापासून आमची माणसं तिथं राजवाड्यामागच्या गल्लीत राहतात, जुनं मराठी बोलतात आणि लिहितात-वाचतात तमिळ; त्या गल्लीत ओसरीवर पुरुषमंडळी उघड्या अंगानं, मान खाली घालून बसलेली, आणि मी दारात रिबिनीचा खोका छातीशी धरून उभा… सुनंदानं माझ्याकडं जे पाहिलं ते इथं लिहिता येणार नाही. पद्मावैनी, अण्णाची बायको, पुढं आली. तिनं खोका हातातून घेतला. “असूं दे, विट्टू. त्यांस आवडत होते,” एवढं म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतरच्या दिवसांत माझ्या लक्षात आलं की त्या घरात माझ्याहून मोठी चूक रोज होत होती, आणि तिला कोणी चूक म्हणत नव्हतं. समाचाराला येणारा प्रत्येक माणूस जरा वेळ डोळे पुसायचा, कॉफी प्यायचा, आणि मग हळूच म्हणायचा, “पण काय हो, तें ओडम…” ओडम म्हणजे होडी. लगेच ओसरीवर हसू फुटायचं. लहानशी गाडी, अजस्र होडी, आणि ती ओढायला निघालेला वेडा किट्टू! माणसाला जाऊन आठवडा झाला नाही आणि त्याच्या सबंध आयुष्याचा हा एवढा एक चुटका करून ठेवलेला. मी त्या दिवशी त्या गाडीत बसलेला होतो. अण्णाच्या शेजारी, पुढच्या सीटवर. म्हणून हे लिहायला घेतलं. लेख स्मृतीचा आहे, पण मनात राग आहे, आणि तो लपवायचा माझा विचार नाही.

किट्टूअण्णा सहकारी सोसायटीच्या कचेरीत कारकून होता. दिल्लीनं परदेशी मालाला दारं उघडली म्हणून पेपरांतून गाजत होतं, गल्लीच्या तोंडाशी लाल शीतपेयाची पाटी लागली होती, आणि आमच्यातली पोरं एकेक करून कॉम्प्युटर शिकायला मद्रासला पळत होती, त्या वर्षांतली ही गोष्ट. अण्णाची पळायची वेळ गेलेली. त्यानं नोकरी सोडली आणि पिकअप घेतली. ना धड जीप, ना धड लॉरी. पुढं चेपलेल्या नाकाचं तोंड, मागं उघडा हौदा. आम्हा रावांच्या घरातला मुलगा माल वाहणार, हे ऐकून अण्णाचे मामा, म्हणजे सगळ्यांचेच अप्पामामा, तीन दिवस ओसरीवर आले नाहीत. हे कापडाच्या दुकानातून निवृत्त झालेले, गल्लीतले वडीलधारे. चौथ्या दिवशी आले ते त्यांचं लोखंडी कपाट हलवायचं होतं म्हणून. तेव्हापासून गल्लीतली कपाटं, लग्नाची भांडी, तांदळाची पोती, एकदा तर मयताला आलेले पाहुणेसुद्धा, अण्णाच्या हौद्यातूनच हललेत.

पण अण्णाच्या डोक्यात माल नव्हता, ओढकाम होतं. गिरणीची यंत्रं, जनरेटर, बंद पडलेले ट्रॅक्टर… नव्या जमान्यात जड वस्तू इकडून तिकडं खूप जाणार, आणि त्यासाठी दर वेळी त्रिचीहून क्रेन कोण आणणार? असं त्याचं म्हणणं. त्यानं गाडीच्या मागं जाडजूड हूक बसवून घेतला, एक जुना ट्रेलर मिळवला, आणि राजवाड्याच्या मागच्या पटांगणात सराव सुरू केला. रिकामा ट्रेलर मागं घेताना चाक उजवीकडं फिरवलं की ट्रेलर डावीकडं जातो, हे त्याला नगरपालिकेचा नळ मोडल्यावर समजलं. दुसरी एक गोष्ट त्याला कोणाचीच भिंत न पाडता समजली, आणि तीच या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे. ट्रेलरवर भार कसा ठेवायचा, ही ती गोष्ट. पुढच्या दांड्यावर, म्हणजे गाडीच्या हुकावर, थोडं वजन पडायलाच हवं. भार मागं गेला की दांडा वर उचलला जातो, गाडीची मागची चाकं हलकी होतात, आणि मग ट्रेलर गाडीमागं जात नाही, गाडीलाच हलवायला लागतो.

अशात तिरुवैयारूला कावेरीकाठी एका हॉटेलच्या मालकानं नवं विश्रामगृह काढलं. त्यांना सगळे मुदलाळी म्हणत, म्हणजे नुसतंच ‘मालक’. पाहुण्यांना नदीतून फिरवायला त्यांनी समुद्रकाठाहून जुन्या घडणीची, जाड फळ्यांची एक होडी विकत घेतली होती आणि पापनाशमच्या एका सुताराकडं दुरुस्तीला टाकली होती. ती तिथून नदीवर न्यायचं काम अण्णानं मागून घेतलं. त्याचं हे पहिलं मोठं ओढकाम. ते नीट पार पडलं की मुदलाळींच्या गिरणीचं, त्यांच्या मेव्हण्याच्या कारखान्याचं, सगळं ओढकाम त्याच्याकडं येणार होतं. मी सुट्टीत तिथं होतो. अण्णा म्हणाला, “चल विट्टू, तुज दाखवितों.”

पापनाशमला ती होडी पाहिली आणि मी वळून अण्णाच्या गाडीकडं पाहिलं. आमच्या पुण्याच्या दोन खोल्यांत ती मावली नसती. अण्णानं मात्र सुताराच्या माणसांकडून ती ट्रेलरवर चढवली, दोन बोटं पुढं घ्यायला लावली, मग अजून थोडी पुढं. स्वतः दांड्यावर बसून पाहिलं, उठला, गाडीच्या मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या किती दबल्यात ते वाकून पाहिलं. “हं… आतां कमरेवर बसली.” आम्ही निघालो. भाताच्या खाचरांमधून, बसगाड्यांना वाट देत, गायी सांभाळत, संध्याकाळच्या आत तंजावूरला आलो. वाटेत तो ट्रेलर एकदा हलला नाही. एकदाही नाही. हे मी वारंवार म्हणतोय कारण हे कोणीच म्हणत नाही. तीच गाडी, तीच होडी, आणि ती पापनाशमपासून तंजावूरपर्यंत शाळेतल्या शहाण्या मुलासारखी गाडीमागं चालत आली. मग दुसऱ्या दिवशी, त्याहून निम्म्या वाटेवर, गाडी एकाएकी ‘लहान’ कशी झाली?

होडी पाण्यात उतरवायचा मुहूर्त दुसऱ्या दिवशी सकाळचा होता, म्हणून ती रात्रभर गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. आणि त्याच दिवशी तिरुवैयारूला नदीकाठी आमच्या घराण्याची समाराधना होती. वर्षातून एकदा सगळं कूळ तिथं जमतं, सोवळ्यात स्वयंपाक होतो, नैवेद्य होतो, पंगती उठतात. दर वर्षी हंडे, तपेली, भिजवलेल्या डाळी, नदी गढूळ म्हणून घरच्या विहिरीचं सोवळ्याचं पाणी, हे सगळं बैलगाडीतून नेत. कारण बसमध्ये सोवळं राहत नाही, आणि अण्णाच्या हौद्यात तर आदल्या आठवड्यात खताची पोती वाहिलेली. पण होडी? नव्यानं रंधा मारलेलं, त्यानंतर कोणी न वापरलेलं, धुतलेलं लाकूड! कमळाआत्यानं सकाळी दार उघडलं, होडी पाहिली, आणि तिला साक्षात देवानंच वाहन धाडलं. ही आमची सगळ्यांत धाकटी आत्या, समाराधनेच्या स्वयंपाकाची मुखत्यार. अण्णा आंघोळ करून बाहेर येईपर्यंत ओल्या लुगड्यांतल्या बायकांनी आणि सोवळ्यातल्या पुरुषांनी सगळे हंडे होडीत चढवलेसुद्धा होते. पुढची नाळ उंच, मागची बाजू बुटकी, तेव्हा चढवायला सोपं म्हणून सगळं मागं. पाण्याचे भरलेले हंडे अगदी टोकाला. आणि त्यांच्यामध्ये, एका पाटावर, खुद्द कमळाआत्या.

अण्णानं डोक्याला हात लावला नाही. तो तसला माणूस नव्हता. तो ट्रेलरच्या मागं गेला, दांड्याकडं आला, पुन्हा मागं गेला.

“अप्पामामा, हें सगळें पुढें घ्यावें लागेल.”

“कशास? तुझ्या गाडीवर भार पडूं नये म्हणून तर मुद्दाम पाठीमागें ठेविलें!” अप्पामामांच्या चेहऱ्यावर उपकार केल्याचं समाधान होतं.

“भार पडायासच हवा. बैलगाडींत मागें भार झाला तर काय होतें? जूं वर उठतें, बैलाचा गळा आवळतो. तसेंच हें.”

“तुझ्या गाडीस गळा कोठें आहे?”

सगळे हसले. अण्णा पुढं झाला, एका हंड्याला हात घालणार, तोच आत्या होडीतून कडाडली, “अय्यय्यो, शिवूं नको! पॅन्टींत आहेस तूं!” हीच ती अडचण. सोवळ्यातल्या भांड्यांना गाडी चालवायच्या कपड्यांतल्या अण्णाचा हात लागला असता, तर सगळं पाणी ओतून, डाळ फेकून, पुन्हा पहिल्यापासून. आणि ज्यांना हात लावता येत होता ते लावायला तयार नव्हते. “एवढें चढविलें तें उतरविणार कोण? मुहूर्त टळतो, चल.” तिकडं नदीवर मुदलाळी सनई-चौघडे लावून वाट पाहत होते. अण्णानं हात जोडले, हो, हात जोडलेले मी पाहिलेत, पण एक हंडा इकडचा तिकडं झाला नाही.

मग त्यानं एका गोष्टीवर मात्र पाय रोवला. “अत्या, तूं उतर.”

“मी उतरणार नाहीं.”

“तूं उतरल्यावांचून मी चावी फिरवणार नाहीं. ओडमांत जीव बसणार नाहीं, मग काय तें म्हणा.”

बराच तमाशा झाला. गल्ली जमली. अखेर आत्या उतरली, ओलं लुगडं गुंडाळून सायकलरिक्षात बसली आणि जाताना म्हणाली, “हंड्यांस जागा आहे, मज नाहीं!” तो राग तिनं पुढं वर्षानुवर्षं सांभाळला. मी पाहुणा, तेव्हा माझ्या मांडीवर ताकाची कासंडी देऊन मला पुढं बसवलं. ताक सोवळ्यात मोडत नव्हतं की पाहुणा म्हणून मला सूट होती, हे मला आजही माहीत नाही.

अण्णा बैलगाडीच्या वेगानं निघाला. पहिल्या पुलापर्यंत बरं गेलं. आरशात मागचे हंडे चमकत होते, आणि अण्णा रस्त्यापेक्षा आरशाकडंच जास्त पाहत होता. वेण्णार नदीचा पूल चढलो, आणि उताराला लागताच मला बसल्या जागी कोणीतरी हळूच डावीकडं ओढल्यासारखं झालं. मग उजवीकडं. मग पुन्हा डावीकडं, जरा जोरात. “अण्णा…” “गप बैस.” त्यानं ब्रेक दाबला नाही. पाय उचलला, चाक सरळ धरलं, दात आवळले. पण उतार होता, मागून सगळा भार ढकलत होता, आणि पाण्याचे हंडे मागं हिंदकळत होते. तिसऱ्या-चौथ्या हेलकाव्याला खाडकन आवाज झाला, हूक सुटला, गाडी एकदम हलकी होऊन पुढं उडाली, आणि ट्रेलर आमच्या शेजारून, अगदी ओव्हरटेक केल्यासारखा, बांधावरून खाली भाताच्या खाचरात गेला. होडी कलंडली. बुडाची एक फळी उभी चिरली. सगळ्यांत मोठा हंडा रस्त्यावरून घरंगळत, देवळाच्या घंटेसारखा वाजत, पार खालच्या वळणापर्यंत गेला. आत्याचा पाट दोन तुकडे होऊन चिखलात पडला होता. मी नखशिखान्त ताकात.

मागच्या बसनं अप्पामामा आले. उतरल्यावर त्यांचा पहिला शब्द, “हंडे कोठें आहेत?” दुसरा शब्द, “मी तेव्हांच म्हटलें होतें, एवढ्याशा गाडीस एवढें ओडम बांधूं नये.” तेव्हांच! कधी? कुठं? माझ्या तोंडातून शब्द फुटेना. एक तर संताप, आणि दुसरं म्हणजे मिशीतून ताक ठिबकत होतं. तेवढ्यात मोटारीतून मुदलाळी आले. त्यांनी होडी पाहिली, तमिळमध्ये अण्णाला विचारलं, काय झालं? अण्णानं चिखलातल्या हंड्यांकडं पाहिलं. अप्पामामांकडं पाहिलं. ते धोतराची निरी नीट करत होते. मग अण्णा म्हणाला, चूक माझी.

बस्स. त्या दोन शब्दांवर त्याचं ओढकाम संपलं. होडी पुढं त्रिचीच्या क्रेननं गेली. मुदलाळींनी कोणाला वाईट सांगितलं नाही. ते सांगायला आमची मंडळी समर्थ होती. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला, ‘ओडम किट्टू’. गिरणीवाल्यांनी यंत्रं दिली नाहीत, ट्रॅक्टरवाल्यांनी बोलावलं नाही. उरली कपाटं आणि पोती. हंडे घासून, डाळी पुन्हा भिजवून समाराधना त्याच दिवशी संध्याकाळी उरकली, तेव्हा मी त्याला खडसावून विचारलं होतं, “खरं का नाही सांगितलंस?” तो घाटावरच्या पंगतीच्या टोकाला बसून पॅन्टवरचा चिखल खरवडत होता. म्हणाला, “परक्या माणसापुढें मामाचें नांव घेऊं? आणि चावी कोणी फिरविली? मीच ना.” मी म्हणालो, “पण त्यांनी तुला हात लावू दिला नाही!” तो म्हणाला, “हो. पण अत्या आज पंगतींत वाढत्ये, पाहिलेंस?” खरंच, आत्या समोर वाढत होती, अण्णाच्या पानाजवळ आली की तोंड फिरवत होती, आणि त्याला भात कमी पडू देत नव्हती. त्याला त्यात समाधान होतं. मला नव्हतं, आणि आजही नाही. माणूस मोठा असतो म्हणून त्याच्यावर काहीही लादायचं का?

तेराव्याच्या पंगतीत कळस झाला. गोडाचं जेवण, पानं मांडलेली. अप्पामामांनी पुन्हा तीच गोष्ट काढली, या वेळी अभिनयासकट. एक हात गाडी, दुसरा होडी. माझ्या समोर कमळाआत्या, आता पार वाकलेली, बोळक्या तोंडानं हसत म्हणाली, “आणि मज उन्हांत रिक्षेंत घातलें!” मी पानावरून उठलो. “आत्या, त्यानं तुला उतरवलं म्हणून तू आज हसायला इथं आहेस! आणि मामा, ते हंडे मागं कोणी ठेवले? त्यानं हात जोडले होते तुम्हाला, सगळ्यांसमोर!” माझा आवाज चिरकला. मला वाटलं, आता… पण अप्पामामा शांतपणे म्हणाले, “विट्टू, पुण्याचें मराठी फार जोरांत असतें. बैस. पायसम निवतें.” आणि सगळे पुन्हा हसले. पद्मावैनी वाढत होती. तिची पळी हवेत थांबली होती. मग तिनं माझ्या पानात पायसम वाढलं आणि पुढं गेली.

निघायच्या दिवशी मी परसात गेलो. गाडी ताडपत्रीखाली उभी होती. पुढची काच धुळीनं भरलेली, पण मागचा तो हूक लखलखत होता. कित्येक वर्षांत त्याला काही अडकवलं गेलं नव्हतं, तरी अण्णा दर शुक्रवारी त्याला तेल लावून फडक्यानं पुसायचा. उंबऱ्याशी तेलाची वाटी आणि ते फडकं तसंच होतं. मी वाकून बोट लावलं. ओलं तेल. मागं वैनी उभी होती. “काल शुक्रवार होता ना,” ती म्हणाली. “हात आपसूक गेला.” मी विचारलं, “वैनी, त्या दिवसाचं तो तुझ्याशी कधी बोलला?” तिनं मान हलवली. “बोलले नाहींत. फक्त तेल लावतांना दर वेळी हूक खालीं दाबून पाहत. भार बसतो कीं नाहीं, म्हणून.”

पुण्याला परत येईपर्यंत मी गाडीत नुसता पुटपुटत होतो. घरी आल्यावर काही आठवडे गेले, राग गेला नाही, म्हणून हे सगळं एका बैठकीत लिहून काढलं आणि सुनंदाला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मधे कुठं हसली नाही, अगदी ताकाच्या जागीसुद्धा नाही. मग म्हणाली, “चांगलं उतरलंय. पण पुण्यात कोण हसलं होतं तुमच्या अण्णाला? जे हसले त्यांच्यात एकालाही देवनागरी वाचता येत नाही. छापायला नंतर पाठवा. आधी हे त्यांच्या मराठीत अप्पामामांना वाचून दाखवा, आणि आत्यांना शेजारी बसवायला सांगा. उठा, मी फोन लावून देते.”